पायांचा पहारेकरी



सकाळची वेळ आहे. ठाणे स्टेशनच्या पुलावर ही गर्दी! तुम्ही घाईघाईने जिना उतरत आहात, आणि तेवढ्यात चपलेत एक खडा शिरतो. खडा केवढा? मुगाच्या दाण्याएवढा. पण तुम्हांला दोन पावलेही धड टाकता येत नाहीत. कठड्याला टेकून तुम्ही चप्पल झटकता, खडा पडतो आणि मगच पुढे जाता.

आता विचार करा, तुम्हांला थांबवले कोणी? डोळ्यांना तर खडा दिसलाच नव्हता! तुम्हांला थांबवले ते वेदनेने. वेदना आपल्याला नकोशी वाटते. पण ती पायांचा पहारेकरी आहे. हा पहारेकरी जागा असतो तेव्हा काय होते आणि झोपतो तेव्हा काय होते, ते या लेखात पाहू.

पावलाची कमान

आपल्या एका पावलात २६ हाडे असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२. सबंध शरीरात २०६ हाडे असतात, म्हणजे जवळजवळ एक चतुर्थांश हाडे पावलांतच आहेत! ही हाडे कमानीसारखी रचलेली असतात. पाऊल टेकताना कमान किंचित दबते आणि धक्का सोसते.

एक प्रयोग करून पाहा. पाऊल पाण्यात बुडवा आणि कोरड्या फरशीवर किंवा जुन्या वर्तमानपत्रावर टेकवा. टाच, बोटे आणि बाहेरची कडा उमटेल. आतल्या बाजूला मात्र जागा कोरडी राहील. ती कमानीची जागा. सगळा तळवा उमटला तर त्याला सपाट पाऊल म्हणतात. लहान मुलांची पावले सपाटच असतात. मोठेपणीही ती तशीच राहिली आणि दुखत नसली, तर काळजीचे कारण नाही. दुखत असतील तर डॉक्टर व्यायाम शिकवतात किंवा बुटात कमानीला आधार देणारी गादी घालायला सांगतात.

कुरूप का होते?

थोडे गणित करू. ४८ किलो वजनाचा मुलगा दोन्ही पायांवर उभा आहे. त्याच्या दोन्ही तळव्यांचे क्षेत्रफळ २४० चौरस सेंटिमीटर धरले, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ०.२ किलो भार येईल. आता त्याचा बूट अरुंद आहे आणि त्यामुळे एकाच चौरस सेंटिमीटरवर ४ किलो भार येतो असे समजा. म्हणजे दाब २० पट झाला!

असा दाब रोज पडू लागला की त्वचा आपले रक्षण करण्यासाठी जाड होते. त्याला घट्टा म्हणतात. घट्टा एका ठिकाणी खिळ्याच्या टोकासारखा आत वाढला की झाले कुरूप. हे टोक आतल्या मज्जातंतूंवर दाबते, म्हणून कुरूप इतके ठणकते.

पावलांच्या आजारांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला पोडिअ‍ॅट्रिस्ट म्हणतात. ब्रिटन-अमेरिकेत हा वेगळा व्यवसाय आहे. आपल्याकडे असे तज्ज्ञ थोडे आहेत. हे काम बहुधा त्वचारोगतज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक करतात. ते निर्जंतुक हत्याराने जाड कातडी हलकेच तासतात. पण खरा उपचार पुढेच आहे. दाब कुठून आला ते ते शोधतात. बूट बदलला नाही, तर कुरूप पुन्हा येणारच! म्हणून बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण तेव्हा पावले थोडी सुजलेली असतात. अंगठ्याच्या पुढे अर्धा इंच जागा राहायला हवी. आणि घरी ब्लेडने कुरूप कापणे? ते तर मुळीच नको.

पावसाळ्याचे पाहुणे

कल्याण-डोंबिवलीच्या मुलांना पावसाळ्यातल्या पायांविषयी वेगळे सांगायला नको. साचलेल्या पाण्यातून शाळेत जायचे आणि ओले मोजे दुपारपर्यंत पायांतच! मग बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, खाज सुटते, भेगा पडतात. याच चिखल्या. बऱ्याचदा त्या एका बुरशीमुळे होतात. गजकर्णाची बुरशी ती याच कुळातली. तिला ऊब, ओल आणि अंधार हवा असतो. बंद ओल्या बुटात हे तिन्ही मिळतात.

उपाय साधा आहे. पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा, मोजे रोज बदला, टॉवेल वेगळा ठेवा. डॉक्टरांनी दिलेले बुरशीनाशक मलम ते सांगतील तितके दिवस लावा. खाज थांबली म्हणून मलम मध्येच सोडले, तर बुरशी पुन्हा डोके वर काढते.

पायाला जखम किंवा भेग असताना पुराच्या पाण्यातून चालावे लागले, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांना सांगा. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशा जखमेतून शरीरात शिरतात. वेळेवर औषध घेतले तर धोका टळतो.

नखांचेही एक लक्षात ठेवा. पायाची नखे सरळ कापावीत. कडा गोल आणि खोल कापल्या की वाढणारे नख बाजूच्या मांसात रुतते आणि अंगठा सुजतो.

पहारेकरी झोपला तर?

आतापर्यंतच्या सगळ्या दुखण्यांत एक गोष्ट सारखी होती. पाय दुखला किंवा खाजला, म्हणून आपल्याला कळले. पण पायाला काही कळतच नसेल तर?

कल्याणला पत्रीपुलाजवळ हनुमाननगर ही कुष्ठरोगमुक्त झालेल्या लोकांची वसाहत आहे. नौदलातून निवृत्त झालेले गजानन माने यांनी इथल्या लोकांच्या सेवेला अनेक वर्षे वाहून घेतले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कुष्ठरोगाच्या पायांची गोष्ट विज्ञानाच्या दृष्टीनेही फार महत्त्वाची आहे.

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी शोधला. हा जंतू त्वचेवर आणि मज्जातंतूंवर हल्ला करतो. पूर्वी लोकांना वाटे, या रोगात बोटे आपोआप झडतात. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ साली तमिळनाडूतील वेल्लोरला आले. त्यांनी रुग्णांचे हातपाय बारकाईने तपासले, तेव्हा निराळेच दिसले. रुग्णाच्या पायात खिळा शिरे, पण त्याला ते कळतच नसे. तो तसाच चालत राही. जखम चिघळे, हाडापर्यंत जाई, आणि मग बोट झिजून जाई. पाऊल नष्ट होत होते ते असल्या न कळणाऱ्या जखमांनी!

कारण कळले तसा उपायही सापडला. जखमेवरचा भार काढायचा. पायाला प्लास्टर घातले की भार सगळ्या पावलावर पसरतो आणि जखम भरून येते. मग रुग्णाला एमसीआर नावाच्या सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल देतात. तिचा खालचा थर कडक असतो, म्हणजे काटा आत शिरत नाही. पट्टे शिवलेले किंवा चिकटवलेले असतात. खिळा एकही नसतो. पहारेकरी झोपला, म्हणून चपलेलाच पहाऱ्यावर बसवले!

आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लगेच दाखवावे. उशीर झाला तर रोग बरा होतो, पण गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही.

आजोबांचे पाय तपासा

हाच पहारेकरी मधुमेहातही झोपतो. रक्तातील साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की मज्जातंतूंना इजा होते, आणि सर्वात लांब मज्जातंतूंना ती आधी होते. सर्वात लांब कोणते? पावलांपर्यंत जाणारे! शिवाय रक्तपुरवठाही कमी होतो, म्हणून जखम लवकर भरत नाही. वेळेवर लक्ष गेले नाही तर पाय कापण्याची पाळी येते.

घरात आजीला किंवा आजोबांना मधुमेह असेल, तर तुम्ही एक तपासणी करू शकता. ती इंग्लंडमधील इप्सविच येथे तयार झाली आणि तिला उपकरण लागत नाही. आजोबांना पडायला आणि डोळे मिटायला सांगा. प्रत्येक पायाचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकाला आपल्या बोटाने हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करा. दाबू नका, घासू नका. स्पर्श कळला की त्यांनी "उजवा" किंवा "डावा" म्हणायचे. एकूण सहा जागा होतील. त्यांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. सगळीकडे कळले, तरी डॉक्टरांची वर्षातली तपासणी चुकवू नये.

ज्यांच्या पायांना कळत नाही, त्यांनी अनवाणी चालू नये. चप्पल घालण्यापूर्वी ती झटकून आत हात फिरवावा. कुरुपाचे औषधी पट्टे स्वतःच्या मनाने लावू नयेत. त्यांतील आम्लाने जखम होते. आणि रोज रात्री तळवे पाहावेत. आजोबांना वाकता येत नसेल, तर खाली आरसा धरा. नाहीतर तुम्हीच पाहा; तुमचे डोळे चांगले आहेत!

पुढच्या वेळी चपलेत खडा टोचला की त्याच्यावर चिडा. पण वेदनेवर चिडू नका. पहारेकऱ्याने आपले काम चोख केले आहे. घरात ज्यांचा पहारेकरी झोपला असेल, त्यांच्या पायांवर पहारा ठेवण्याचे काम आजपासून तुमचे.