शिक्षेपूर्वीं कारण शोधा

वर्गांत दोन प्रकारचीं मुलें शिक्षकांस जड जातात. एक दांडगें, जें मारामारी करितें. दुसरें अबोल, जें कोपऱ्यांत बसतें. पहिल्यास आपण द्वाड म्हणतों व दुसऱ्यास मठ्ठ. आमचें म्हणणें असें कीं, हीं नांवें पुष्कळदां खोटीं असतात. दोघांच्याही मनावर एखादें ओझें असूं शकतें.

वसईच्या पूर्वेस सातिवली येथें कारखान्यांचे गाळे आहेत. अशा ठिकाणीं कामाच्या शोधार्थ दूरदूरचीं कुटुंबें येतात. मूल आजीस, सवंगड्यांस व गांवच्या बोलीस अंतरतें. आईबाप दिवसपाळी-रात्रपाळींत गुंतलेले. त्यांत घरीं दारू व भांडण असेल, तर त्याचें चित्त पाढ्यांत कसें लागावें? छडीनें हें ओझें उतरत नाहीं. वाढतें, आणि शेवटीं मूल शाळाच सोडतें.

आपल्याच पालघर जिल्ह्यांत ह्याविषयीं एक धडा घालून दिलेला आहे. १९४५ सालीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें काम आरंभिलें. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस होत्या. आदिवासी मुलें शाळेंत येत नसत. त्यांस आळशी म्हणणें सोपें होतें. पण ताराबाईंनीं कारण शोधिलें. कोणी गुरें राखी, कोणी धाकटें भावंड सांभाळी. म्हणून शाळाच पाड्यावरील अंगणांत गेली, आणि गुराख्यांसाठीं कुरणशाळा निघाली. पुढें १९५७ सालीं हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें पाळणाघर, बालवाडी व शाळा एकत्र ठेविलीं, अशासाठीं कीं थोरल्या बहिणीस भावंडासह येतां यावें.

ह्यावरून आपण काय करावें?

१. पाहावें. बोलकें मूल गप्प झालें, रोज शाळेच्या वेळीं पोट दुखूं लागलें, झोप वा भूक गेली, आणि असें दोन आठवडे चाललें, तर टिपून ठेवावें व वैद्यासही दाखवावें.

२. एकांतीं विचारावें, चारचौघांत नव्हे. उपदेशाची घाई न करितां ऐकून घ्यावें.

३. दिनक्रम ठरलेला ठेवावा. झाडांस पाणी घालण्यासारखें लहान काम सोपवावें, म्हणजे आपण कोणास तरी हवे आहों असें मुलास वाटेल.

४. घरीं जावें, पण गाऱ्हाणें घेऊन नव्हे, विचारपूस करण्यास.

५. मदत मागावी. मनाच्या दुखण्याविषयीं १४४१६ ह्या क्रमांकावर २०२२ पासून सल्ला मोफत मिळतो. मुलाचा छळ होत असल्यास १०९८ वर कळवावें. मूल मरणाची गोष्ट बोलेल, तर त्यास क्षणभरही एकटें न सोडतां त्याच दिवशीं दवाखान्यांत न्यावें.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें १७ वें कलम शारीरिक शिक्षा व मानसिक छळ, दोहोंसही मनाई करितें. म्हणजे छडीबरोबर टोमणाही टाकिला पाहिजे.

विचारार्थ प्रश्न: ह्या वर्षीं आपल्या गांवांतील कोणत्या मुलानें शाळा सोडली? तें कां गेलें, हें त्यास कोणीं विचारिलें काय?