शेजाऱ्याविषयीचा पूर्वग्रह : सोलापूरचा धडा

खेड्यातील बैठकीत "मुसलमान लोक असेच" हे वाक्य आपण पुष्कळदा ऐकतो. बोलणारा दुष्ट असतोच असे नाही. त्यास विचारावे, "तुम्ही कोणत्या मुसलमानांस नावानिशी ओळखता?" तो गादी भरणाऱ्या पिंजाऱ्याचे व बाजारातील बागवानाचे नाव सांगेल, त्यांच्या सचोटीची वाखाणणीही करील आणि शेवटी म्हणेल, "पण हे त्यांतले नव्हेत." ओळखीचा तेवढा अपवाद आणि अनोळखी ते सगळे सारखे, ह्या समजुतीस पूर्वग्रह म्हणतात. ती कशी दूर होते, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

ह्या कामी देशोदेशी प्रयत्न चालले आहेत. जर्मनीत १९९७ पासून दर वर्षी ३ ऑक्टोबर रोजी मशिदींची दारे सर्वांस उघडी ठेवतात. ब्रिटनमध्ये २०१५ साली तसाच उपक्रम सुरू झाला. पाहुणे पादत्राणे काढून आत जातात, नमाजाची जागा पाहतात आणि मनातील शंका विचारतात. ह्याची निकड किती आहे हे न्यूझीलंडातील क्राइस्टचर्च शहराने पाहिले. तेथे १५ मार्च २०१९ रोजी एका माणसाने दोन मशिदींत गोळीबार करून ५१ जणांचे प्राण घेतले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०२२ साली १५ मार्च हाच मुसलमानांविषयीच्या द्वेषाचा प्रतिकार करण्याचा दिवस ठरविला.

पण एका दिवसाच्या भेटीने मन बदलते काय? गॉर्डन ऑलपोर्ट ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली ह्याचा विचार मांडला. त्याच्या मते भेट फलद्रूप होण्यास चार गोष्टी लागतात : दोघांचा दर्जा समान असावा, हेतू एक असावा, तो साधण्यास एकमेकांचे साह्य घ्यावे लागावे, आणि वडीलधाऱ्यांचा व कायद्याचा त्यास पाठिंबा असावा. पुढे २००६ साली पेटिग्रू व ट्रॉप ह्या दोघा अभ्यासकांनी पाचशेहून अधिक संशोधने एकत्र तपासली. भेटीगाठींनी पूर्वग्रह बहुधा घटतो, आणि ह्या चार गोष्टी असल्या तर अधिकच घटतो, असे त्यांस आढळले.

ह्याची साक्ष आपल्या सोलापुरातच आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहरात मोठा क्षोभ झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि सरकारने लष्करी कायदा पुकारला. त्या प्रकरणी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन ह्या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चौघांच्या जाती व धर्म वेगळे, पण हेतू एक होता. म्हणूनच सोलापूरकर ती चार नावे एका दमात घेतात.

ह्याच शहरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्या चळवळीतील एक प्रमुख विचारवंत, प्राध्यापक फक्रुद्दीन बेन्नूर (१९३८–२०१८), सोलापूरचेच. महाराष्ट्रातील मुसलमान ह्याच मातीतले आहेत आणि तो समाज एकजिनसी नाही, हे त्यांनी जन्मभर लिहून दाखविले. मुसलमानाची भाषा उर्दूच, असे मानणाऱ्यास ह्या लेखकांनी मराठीत लिहूनच उत्तर दिले. ते मराठीच्या घरी पाहुणे म्हणून आले नव्हते. घर त्यांचेही होते. ह्याच जिल्ह्यातील बार्शीचे शाहीर अमर शेख (१९१६–१९६९) ह्यांचा आवाजही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मराठी माणसाने आपलाच मानला.

तथापि पुतळ्यास हार घालणे सोपे आहे. सकाळी हुतात्म्यास हार घालणारा मनुष्य सायंकाळी मुसलमान भाडेकरूस खोली नाकारू शकतो. आपण तरी कोठे वेगळे आहो? आपल्या आजोबा-पणजोबांस "बाटगे" म्हणून पाणवठ्यावर दूर उभे केले, ती गोष्ट आपण मुलांस डोळे भरून सांगतो. मग मोबाइलवर आलेली, कोणी लिहिली हे ठाऊक नसलेली निंदा आपण दुसऱ्याच्या हाती कशी देतो? आम्हीही अशी बोलणी ऐकून गप्प बसलो आहो. ऐकून गप्प बसणे हाही त्यात सहभागच होय, हे आम्ही कबूल करतो.

पाठ घेणाऱ्याने तीन गोष्टी कराव्या. एक, ऐकीव वार्ता आली की "कोणी पाहिले? कोठे? केव्हा?" असे विचारावे, उत्तर न मिळाल्यास ती तेथेच थांबवावी. दोन, एकाच्या अपराधाचा बोजा साऱ्या जमातीवर घालू नये. तीन, विहिरीचा गाळ काढणे, शाळेची दुरुस्ती, आजाऱ्यास दवाखान्यात नेणे, अशा कामांत मुसलमान शेजाऱ्यास बरोबरीने घ्यावे. बोलावणे धाडताना त्याचा सल्लाही विचारावा. नुसती मजुरी मागू नये.

चर्चेसाठी प्रश्न :
१. आपल्या गावातील किती मुसलमान कुटुंबांची नावे आपणांस ठाऊक आहेत?
२. गेल्या महिन्यात आपण शहानिशा न करता कोणती वार्ता पुढे पाठविली?
३. ह्या पावसाळ्यापूर्वी त्यांच्याबरोबर करता येईल असे कोणते काम गावात पडून आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बैठकीतच ठरवावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या शेजाऱ्याच्या दारी जावे.