आडनाव एक, नाती किती?

पुण्यात डेक्कन जिमखान्याकडून कोथरूडला जाणारा कर्वे रस्ता, हिंगण्याचे कर्वेनगर आणि मुंबईचा महर्षी कर्वे मार्ग, ही तिन्ही नावे महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांच्यावरून पडली. मग ज्यांचे आडनाव एक, त्यांचे रक्ताचे नातेही असणारच का? कर्व्यांच्याच घरात पाहू.

धोंडो केशवांचे पुत्र रघुनाथ हे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाचे संपादक. पित्याचे वाय गुणसूत्र पुत्राकडे जाते आणि आपल्याकडे आडनावही बहुधा त्याच वाटेने जाते. येथे दोहोंचा मेळ बसला.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे (१९०५–१९७०) माहेरच्या करमरकर. धोंडो केशवांचे आणखी एक पुत्र दिनकर यांच्याशी विवाह झाल्यावर त्या कर्वे झाल्या. त्यांचे आडनाव बदलले, गुणसूत्रे बदलली नाहीत. त्यांची कन्या, लेखिका गौरी देशपांडे (१९४२–२००३), यांचे नेमके उलट! निम्मी गुणसूत्रे दिनकरांची, आडनाव मात्र निराळे.

पाटील, कुलकर्णी ही आडनावे तर हुद्द्यावरून आली. गावोगावी पाटील होते. दोन पाटलांचे नाते असेलच असे नाही.

हे ध्यानात ठेवणे महत्त्वाचे आहे. हिमोफिलिया हा आनुवंशिक विकार मुलाला बहुधा आईकडून मिळतो. केवळ आडनावाचा माग काढला, तर आजारी मामा नजरेतून सुटेल.

आता तुम्ही आजी-आजोबांपासूनची वंशावळ काढा. रक्ताचे नाते असून आडनाव वेगळे, असे किती जण सापडतात ते मोजा.