लापशीच्या तळाशी लोणी

आमच्या गल्लीतल्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी पाचला मी मुलांना गोष्ट सांगते. याला आता सतरा वर्षं झाली. सुरुवात राजाराणीने झाली, मग भुतं आली, आणि एका पावसाळ्यात परदेशातली बोटभर माणसं आली ती मुक्कामालाच राहिली. त्यांच्या नादाने मी काय काय शिकले ते आठवेल तसं लिहिते आहे. क्रमाला अर्थ नाही.

१. सगळ्यांना 'बुटके' म्हणू नये

'हिमगौरी आणि सात बुटके' ऐकत आपण वाढलो, त्यामुळे जो लहान तो बुटका, ही सवय. मीही तसंच सांगायचे. एके शनिवारी एका मुलीने विचारलं, "काकू, हे तेच सात आहेत का? मग हिमगौरीचं काय झालं?" चूक माझी होती.

तेव्हापासून ज्याचं त्याचं नाव ठेवते. नोम जमिनीखालचा. हा शब्द पॅरासेल्सस नावाच्या स्विस वैद्याने रूढ केला. तो १५४१ साली वारला आणि या मंडळींवरचं त्याचं पुस्तक १५६६ साली छापून आलं. माशाला जसं पाणी तशी नोमला माती, तो तिच्यातून आरपार चालत जातो, असं त्याचं म्हणणं. नॉर्वे-डेन्मार्कचा निस्से आणि स्वीडनचा टोम्ते शेतावर राहतात, गोठा सांभाळतात. आयर्लंडचा लेप्रेकॉन जोडे शिवतो. मुलांना ही नावं जड जात नाहीत, पालकांना जातात.

२. उंची सेंटिमीटरमध्ये सांगावी

'इवलासा', 'चिमुकला' म्हटलं की आठ वर्षांपुढची मुलं जांभया देतात. हे मला एका पुस्तकाने शिकवलं. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलेलं, नोमांच्या संसाराचं जाडजूड सचित्र पुस्तक. मूळ डच, १९७६ सालचं. चित्रं रीन पोर्टव्लीट यांची, मजकूर विल हाउगन यांचा. हाउगन पेशाने डॉक्टर, म्हणून लिहिलंयही रुग्ण तपासल्यासारखं: टोपी सोडून उंची १५ सेंटिमीटर, वजन ३०० ग्रॅम, आयुष्य ४०० वर्षांच्या घरात. हे आकडे सांगितले आणि दप्तरांतून पट्ट्या बाहेर आल्या. पुढच्या आठवड्यात एक जण वाण्याकडे ३०० ग्रॅम साखर तोलून घेऊन आला. पिशवी हातात तोलत म्हणाला, "काकू, एवढाच? हा तर माझ्या खिशात मावेल!"

३. लोणी वर दिसू द्यावं

निस्से वर्षभर गुरांना वैरण घालतो, घोड्याला खरारा करतो. त्याबद्दल त्याची एकच मागणी. नाताळच्या रात्री वाडगाभर लापशी, आणि वर लोण्याचा गोळा. एका घरातल्या मुलीला गंमत सुचली. तिने लोणी तळाशी घातलं आणि वरून लापशी ओतली. निस्से आला, पाहिलं तर लोणी नाही. तो तडक गोठ्यात गेला आणि घरातली सगळ्यात चांगली गाय त्याने मारून टाकली. परत येऊन भुकेपोटी लापशी खाल्ली, तर तळाशी लोणी! मग पश्चात्ताप. तो रातोरात शेजारच्या शेतावरून हुबेहूब तशीच गाय घेऊन आला आणि रिकाम्या खुंट्याला बांधली. (शेजाऱ्याचं काय झालं, हे गोष्ट सांगत नाही. मुलं दर वेळी विचारतात.)

ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली तरी मला ती कळली नव्हती. आमचं वाचनालय उघडणारे, झाडणारे, माझ्या शनिवारच्या सतरंज्या घालणारे एक मामा होते. त्यांच्या पंचविसाव्या वर्षी आम्ही समितीवाल्यांनी त्यांना चांगली रक्कम द्यायची ठरवली आणि वार्षिक सभेपर्यंत गुपित ठेवली. त्या भरात दिवाळीचं नेहमीचं पाकीट द्यायचं राहिलं. 'सभेला देणारच आहोत की' असं आम्ही म्हणत राहिलो. मामा काही बोलले नाहीत. पण सतरंज्या पडेनाशा झाल्या, पंखा चालू करायला मलाच स्टुलावर चढावं लागलं. सभेत पाकीट उघडल्यावर ते रडले, आणि आम्ही माना खाली घातल्या. गाय मेली नाही एवढंच.

४. कपडे देताना निरोपाची तयारी ठेवावी

ग्रिम बंधूंच्या १८१२च्या संग्रहातली जोडेवाल्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. घरात एकाच जोडापुरतं कातडं उरलेलं, तो रात्री ते कापून ठेवतो आणि सकाळी जोड तयार. रोज असंच. नवरा-बायको लपून पाहतात तर दोन उघडी-नागडी चिमुकली माणसं शिवत बसलेली. बायको त्यांना सदरे, कोट, विजारी शिवते, नवरा बूट करतो. ते कपडे चढवतात, नाचत नाचत दाराबाहेर पडतात आणि पुन्हा कधीच येत नाहीत.

मी ही गोष्ट शेवटी आवाज हळवा करून सांगायचे. एकदा मुलांना विचारलं, ते का गेले? रागावले का? मागे बसणारा एक मुलगा, ज्याची आई चार घरी धुणीभांडी करते, म्हणाला, "रागावले कशाला? दिवाळीचा बोनस मिळाल्यावर माझी आई पण एक काम सोडते. लांबचं असतं ते." सगळे हसले, तोही हसला. माझा हळवा आवाज त्या दिवशी गेला तो गेलाच. मूळ गोष्टीत ते नाचतच जातात, हे मी इतकी वर्षं नीट वाचलंच नव्हतं. १९९८च्या हॅरी पॉटरच्या दुसऱ्या पुस्तकातला डॉबी, एका पायमोज्यावर सुटका मिळवणारा, याच घराण्यातला आहे.

या सगळ्या गोष्टींत जादू चवीपुरती असते आणि कामाचा हिशेब पोटभर असतो, असं माझं मत तिथून झालं.

५. वाटाणे टाकून पाहू नये

कोलोनची गोष्ट. आउगुस्ट कोपिश या कवीने १८३६ साली ती कवितेत आणली. रात्री चिमुकले येऊन सुताराचं, पाववाल्याचं, शिंप्याचं, सगळ्यांचं काम उरकून जायचे. शिंप्याच्या बायकोला ते बघायचे होते, म्हणून तिने जिन्यावर वाटाणे पसरले. चिमुकले त्यांवरून घसरून पडले आणि कायमचे गेले. कोलोनच्या कॅथीड्रलजवळ याचं कारंजं आहे आणि त्याच्या माथ्यावर कंदील घेतलेली तीच चौकस बाई उभी आहे. पुतळा तिचा झाला, काम करणारे खाली.

६. 'आपल्याकडे नाहीत' असं म्हणू नये

मी म्हणायचे. नातवाला सोडायला येणाऱ्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांनी मला बाजूला घेतलं. "बाई, वालखिल्य विसरलात?" त्यांनी महाभारताच्या आदिपर्वातली कथा ऐकवली. कश्यपाच्या यज्ञासाठी सगळे समिधा आणत होते. इंद्राने डोंगराएवढी मोळी उचललेली. वाटेत त्याला अंगठ्याएवढे ऋषी दिसले. सगळे मिळून पळसाची एक काडी ओढत होते आणि गाईच्या खुराच्या ठशात साचलेल्या पाण्यात बुडत होते. इंद्र हसला आणि त्यांना ओलांडून गेला. ऋषींनी तिथेच नवा इंद्र निर्माण करायचा यज्ञ मांडला. इंद्र घाबरून कश्यपाकडे धावला. शेवटी तोड निघाली की नवा इंद्र होईल, पण पक्ष्यांचा. तो गरुड.

आता मी ही गोष्ट निस्सेच्या गोष्टीला लागून सांगते. खुरातलं पाणी दाखवायला मूठ जमिनीवर टेकवते.

७. विज्ञानवाल्यांना बोलवावं

सॅक्सनीच्या खाणीत चांदीसारखं दिसणारं खनिज मिळायचं. वितळवलं की चांदी नाहीच, वर आर्सेनिकचा विषारी धूर. खाणकामगार म्हणायचे, हे कोबोल्डचं काम, म्हणजे खाणीतल्या खोडकर भुतटकीचं. त्यावरूनच पुढे कोबाल्ट हे नाव आलं. स्वीडनच्या गेओर्ग ब्रांटने १७३५च्या सुमारास तो धातू ओळखला. निकेलचं नावही अशाच एका भुताचं. आमच्याकडे येणाऱ्या रसायनशास्त्राच्या बाईंनी हे सांगून कोबाल्टच्या निळ्या काचेचा तुकडा फिरवला. त्या शनिवारी गोष्टीला कुणी बसेना, सगळ्यांना काचच हवी.

८. 'खरंच असतात का?' याला उत्तर देऊ नये

फोटो दाखवावा. १९१७ साली इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावात सोळा वर्षांची एल्सी आणि नऊ वर्षांची फ्रान्सिस या मावसबहिणींनी ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल त्यावर विश्वासला, त्याने पुस्तकही लिहिलं. त्या कागदाच्या चित्रांना टोपीच्या पिना टोचून उभं केलं होतं, ही कबुली त्या दोघींनी १९८३ साली, म्हातारपणी दिली. पण शेवटचा, पाचवा फोटो खरा होता, असं फ्रान्सिस म्हणतच राहिली. आमच्याकडे याच वाक्यावर दोन तट पडतात आणि घरी जायची वेळ होते.

९. उसनं नेलेलं परत मिळतंच असं नाही

मेरी नॉर्टनच्या १९५२च्या 'द बॉरोअर्स'मध्ये फरशीखाली राहणारं चिमुकलं कुटुंब घरातल्या पिना, बुचं, टीपकागद घेऊन जातं. याला ते चोरी म्हणत नाहीत, उसनवारी म्हणतात. वाचनालय चालवणाऱ्या कुणालाही हा फरक समजतो.

फुटपाथवरचं ते नोमांचं पुस्तक गेल्या मे महिन्यापासून कपाटात नाही. नोंदवहीत कुणाची सही नाही. मुलांचं म्हणणं आहे की ज्यांच्याबद्दल आहे त्यांनीच नेलं. माझा संशय चौथी-पाचवीच्या वयावर आहे. ज्यांच्या घरी असेल त्यांनी शनिवारी पाचच्या आत टेबलावर ठेवून जावं. दंड नाही, आणि मी त्या वेळेला मागच्या खोलीत असेन.