हेड मारायला शिकवताना

फुटबॉलमध्ये बारा वर्षांच्या आतल्या पोराला हेड मारायला शिकवायचं नाही. मैदानावरची शिट्टी आता तुझ्या हातात आलीय, म्हणून हे आधी सांगतो, बाकीचं मागून. पोरं म्हणतील, टीव्हीवर तर सगळेच मारतात. म्हणू देत. त्या खेळाडूंच्या माना बघ आणि आपल्या चौथीतल्या पोराची मान बघ. लहानपणी अंगाच्या मानानं डोकं मोठं असतं आणि मान बारीक. चेंडू आदळला की डोक्याला हिसका बसतो आणि कवटीतल्या पाण्यात तरंगणारा मेंदू आतल्या आत हलतो. वरून ना टेंगूळ, ना रक्त. म्हणून तर काही झालंच नाही असं आपल्याला वाटतं.

हे माझ्या मनचं नाही. इंग्लंडमध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियन क्लबचा खेळाडू जेफ अ‍ॅस्टल हेडिंगसाठी नावाजलेला होता. विसरभोळेपणा वाढत गेला आणि २००२ साली ५९व्या वर्षी गेला. मृत्यूची चौकशी झाली तेव्हा कारण नोंदलं गेलं ते कामामुळे जडलेल्या आजाराचं. कामानं आजार जडतो म्हणजे काय, हे आपल्या कुंभारीच्या गोदूताई वसाहतीतल्या, तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायांना कुणी समजावून सांगायला नको.

पुढं २०१९ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण त्यांच्यात इतरांच्या साडेतीन पट निघालं. २०२१ मध्ये कोण कुठल्या जागी खेळायचा ते पाहिलं, तर सगळ्यात जास्त धोका बचावपटूंना आणि गोलकीपरचा धोका जवळपास इतर लोकांइतकाच. चेंडू सगळ्यात जास्त कोण डोक्यावर घेतो, ते तुला माहीत आहे.

तुला घाबरवत नाही. ती माणसं वर्षानुवर्षं पोटासाठी खेळलेली. सुट्टीतल्या स्पर्धेत चार हेड मारणाऱ्याचं तसंच होईल, असं कुणी म्हणत नाही. आणि त्याच अभ्यासात हृदयविकारानं जाणारे खेळाडू इतरांपेक्षा कमी निघाले, हेही पालकांना सांग. खेळ सोडायचा नाही. सराव बदलायचा.

अमेरिकेनं २०१५ मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं हेडिंग बंद केलं. इंग्लंड-स्कॉटलंडनं २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून ते काढलं. इंग्लंडमध्ये मोठ्यांनासुद्धा आठवड्याच्या सरावात जोराचे दहाच हेड मारायचे, अशी सूचना २०२१ पासून आहे. जोराचे म्हणजे कॉर्नर, क्रॉस, लांबून उचललेले चेंडू. तू मोठ्या पोरांना ओळीनं उभं करून कॉर्नरवर कॉर्नर टाकतोस ना, ते आधी थांबव.

सातवी-आठवीच्या पोरांना शिकवायचंच, तर सुरुवात फुग्यानं कर. मग हलका प्लास्टिकचा बॉल, तोही हातानं, जवळून, वरच्यावर टाकायचा. कपाळाचा सपाट भाग लागला पाहिजे, टाळू नव्हे. तोंड मिटलेलं, दात दातांवर, हनुवटी थोडी आत, नजर चेंडूवर. चेंडू येऊन डोक्यावर पडू द्यायचा नाही. आपण कमरेतून पुढं जाऊन त्याला मारायचं. त्याआधी महिना-दोन महिने मानेचा व्यायाम घे: तळहात कपाळाला लावून डोकं पुढं रेटायचं, मग मागं, मग दोन्ही बाजूंना. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही फुटबॉलची नावाजलेली नावं तालमींचीच आहेत. कमावलेल्या मानेचं मोल तिथल्या माणसाला विचार.

चेंडूकडंही बघ. लहानांना चार नंबरचाच द्यायचा, पाच नंबरचा ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. आपल्याकडं उन्हात पडलेला चेंडू दुपारी दगडासारखा होतो. अंगठ्यानं दाबून बघ, दबत नसला तर पिन लावून हवा सोड.

चेंडूपेक्षाही मी जास्त भितो ते डोक्याला डोकं आपटण्याला आणि आपल्या मुरमाड जमिनीला. हेडसाठी दोघं उडाले आणि एक उताणा पडला, की खेळ थांबव. कांदा हुंगवला, तोंडावर पाणी मारलं आणि पोरगं परत आत ढकललं, हे आता बंद. शुद्ध हरपली नाही म्हणजे मार लागला नाही, असं नसतं. पोरगं "स्कोर किती?" असं दोनदा विचारतं, आपल्याच गोलाकडं धावतं, उजेड नको म्हणतं, बुटाची नाडी बांधताना चाचपडतं. एवढं दिसलं की त्या दिवशी त्याचा खेळ संपला. मुलींना असा हादरा जास्त बसतो, त्यांच्यावर दुप्पट लक्ष ठेव.

भारताच्या जर्नेल सिंगची गोष्ट पोरांना जरूर सांग. १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके पडलेले असताना तो फॉरवर्ड म्हणून उतरला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर गोल केला, आपण सुवर्ण जिंकलं. अभिमान वाटतोच. पण तो मोठा गडी होता, आणि त्या काळी डोक्याचा मार कुणी फारसा मनावर घेत नव्हतं. आपल्या पोराला टाके पडले, तर त्यानं कडेला बसायचं.

पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, बोलणं अडखळणं, कानातून वा नाकातून पाणी येणं, यातलं एकही दिसलं तर वाट बघू नको. इथंच कुंभारीत अश्विनीचं मेडिकल कॉलेज आहे, नाहीतर सोलापूरला सिव्हिल आहे; रिक्षा कर आणि निघ. तसं काही नसलं तरी पोराला एकटं घरी धाडायचं नाही. आई विड्या द्यायला कारखान्यात गेलेली असेल, बाप यंत्रमागावर असेल, तर शेजारच्या मावशीच्या हवाली कर आणि रात्री आईला स्वतः जाऊन सांग: काय झालं, किती वाजता, कशावर आपटलं. तिला तेलुगू बरं कळत असेल तर वसाहतीतलं तेलुगू बोलणारं एखादं मोठं पोरगं सोबत ने. पुढचे दोन दिवस मोबाइल कमी, धावपळ नाही, आणि दोन आठवडे तरी मैदान नाही. नंतरही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.