रक्तदाबाची गोळी मध्येच का थांबते?

औषध वितरण कक्षातील नोंदवही चाळताना एक गोष्ट वारंवार दिसते. रक्तदाबाचा रुग्ण पहिल्या महिन्याच्या गोळ्या वेळेवर नेतो, दुसऱ्या महिन्यात उशिरा येतो आणि पुढे त्याचे नाव आढळत नाही. त्यांपैकी एखादा कालांतराने पक्षाघाताने अतिदक्षता विभागात दाखल होतो. नातेवाईक सांगतात, "बरं वाटत होतं, म्हणून गोळी बंद केली."

या उत्तरास केवळ निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. त्यामुळे गोळीचा लाभ जाणवत नाही. तिचा त्रास मात्र जाणवतो. ॲम्लोडिपिनने काहींच्या पावलांना सूज येते, एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो, तर लघवी वाढविणारी गोळी एसटीच्या प्रवासाच्या दिवशी टाळली जाते. हे डॉक्टरांना सांगितल्यास पर्यायी औषध देता येते; पण रुग्ण संकोचाने गप्प राहतो आणि गोळी सोडतो. तपासणीत रक्तदाब १४०/९० च्या खाली आला की आजार संपला, असाही समज होतो. वास्तविक तो गोळीमुळेच आटोक्यात असतो. शिवाय औषधासाठी येणे म्हणजे रोजंदारीवरील माणसाची एका दिवसाची मजुरी बुडणे होय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घकालीन उपचार सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ५० टक्केच होते. म्हणजे हा प्रश्न केवळ गरिबीचा वा अज्ञानाचा नाही. आपल्या देशात २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात, ज्यात महाराष्ट्राचाही समावेश झाला, सुटसुटीत उपचारपद्धती, औषधांचा अखंड पुरवठा आणि रुग्णांच्या पाठपुराव्यावर भर देण्यात आला.

वाणिज्य शाखेत आम्हाला शिकविले होते की थकबाकी पहिल्याच महिन्यात विचारावी. पुढे ती बुडीत खात्यात जाते. औषधाच्या चुकलेल्या तारखेचेही तसेच आहे. म्हणून आगामी वर्षात, ठरलेल्या दिवशी न आलेल्या रुग्णास त्याच आठवड्यात दूरध्वनी करण्याचा आणि प्रकृती स्थिर असलेल्यांना, डॉक्टरांच्या संमतीने, एकाच वेळी अधिक दिवसांची औषधे देण्याचा आमचा मानस आहे.

नातेवाइकांना विनंती, की घरातील गोळ्यांची पाकिटे तपासणीस येताना सोबत आणावीत आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी थांबवू देऊ नये. देणगीदारांनी यंत्रसामग्रीइतकाच औषध निधीचाही विचार करावा. टळलेल्या पक्षाघाताची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. परंतु त्या घरातील कमावता हात शाबूत राहतो.