पाइप उलटे लागू देऊ नका

प्रश्न : माझ्या हार्ली स्पोर्टस्टरचा ऑइल फिल्टर दुसरीकडे हलवायचं किट आणलंय. बसवताना काय जपू?

उत्तर : सर्वांत आधी पाइपांची दिशा. फिल्टरच्या कडेच्या छोट्या भोकांतून ऑइल आत जातं आणि मधल्या मोठ्या भोकातून गाळून बाहेर येतं. जोडणी उलटी झाली, तर आतली रबरी झडप ऑइल अडवते आणि इंजिनचा जीव धोक्यात येतो. जुनं गॅस्केट इंजिनला चिकटून राहतं, ते बोटाने चाचपून काढाच. एकावर एक दोन बसली, की ऑइल फेकणार. पाइप एक्झॉस्टपासून लांब ठेवा. सुरू केल्यावर ऑइलचा दिवा लवकर विझला नाही, तर इंजिन लगेच बंद करा. लेव्हल पुन्हा तपासा; लांब पाइपांतही ऑइल भरतं.